आपाची झाडं बाहेरच राहू देत

फोन वाजला तेव्हा मी लसूण सोलत होते. पडद्यावर हलिमाआपाचा फोटो आला आणि मला नवलच वाटलं, कारण वार बुधवार होता. आपाचा फोन यायचा रविवारी. तिकडे कॅनडात सकाळची चहाची वेळ, इकडे भिवंडीत आमची दिवेलागण. अकरा वर्षांत तिनं हा वार चुकवला नव्हता. मी आपली फोन उचलून नेहमीच्या थाटात म्हणाले, “काय गं आपा, कॅलेंडर हरवलं काय तुझं?” पलीकडून कुणी हसलं नाही. तिचा मुलगा इरफान आईच्या फोनवरून बोलत होता. “मावशी, अम्मी गेली. पहाटे, झोपेतच.” पुढचं काय बोलणं झालं ते मला आठवत नाही. लसणाची सालं मात्र सबंध खोलीभर उडाली होती, पंखा चालू होता ना.

चौथ्या दिवशी त्याचा परत फोन आला. घसा पार बसलेला. दफन झालं, लोक येऊन गेले, सून कामावर रुजू झाली, असं सगळं एका सुरात सांगत होता. मी नुसती हं हं करत होते. मग म्हणाला, “आणि मावशी, अम्मीची झाडं मी आत घेतली. हॉलमध्ये हीटरजवळ ठेवलीत. तिची तेवढीच निशाणी आहे, बर्फात कशी ठेवू?”

मी घाबरलेच. वाचणाऱ्यांना वाटेल, चांगलंच केलं की पोरानं, यात घाबरण्यासारखं काय? मलाही एके काळी तसंच वाटलं असतं. नुसतं वाटलं नसतं, वाटलंच होतं... आणि त्यापायी एक झाड गेलं होतं. ते सांगायला हवं, पण त्याआधी आपा कोण होती ते सांगते.

आपाच्या नवऱ्याचा मागांचा कारखाना होता, बारा मागांचा, आणि मी तिथं कांड्या भरायला जायची. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात बसतं ते सुताचं रीळ. मी अंजूरची, बौद्धवाड्यातली, चौथीत शाळा सुटलेली. ती भिवंडीतल्या जुन्या कोकणी मुसलमान घरातली, मालकीणबाई. पहिल्या दिवशी मी तिला शेठाणी म्हटलं तर म्हणाली, “शेठाणी कोण गो? मी हलिमा. तुझ्यापेक्षा चार पावसाळे मोठी, आपा म्हण.” तेव्हापासून आपा. घरात तीन पेपर यायचे, त्यातला मराठी पेपर ती दुपारी माझ्या पुढ्यात टाकायची आणि म्हणायची, मोठ्यानं वाच, मला ऐकू येत नाय. ऐकू तिला चांगलं यायचं. मी वाचायला शिकावं म्हणून तिनं केलेलं ते नाटक होतं, हे मला फार उशिरा कळलं.

भिवंडीतल्या कुठल्याही कारखान्याच्या भिंती बघा, फटीफटीतून पिंपळ आणि उंबर निघालेले दिसतात. सगळे उपटून फेकतात, नाहीतर भिंत फुटते. आपा ते मुळासकट हळूच सोडवायची, पसरट कुंडीत लावायची आणि वर गच्चीत न्यायची. मागाची मोटर जळली की तिच्यातली तांब्याची तार आपाची. ती तार फांदीला गुंडाळून फांदीला हवं तिकडे वळवायची. तिचा नवरा जिन्यातून ओरडायचा, “अगं, कारखान्याची मोटर दुरुस्त करायची का तुझ्या पिंपळाची?” ती वरून म्हणायची, “पिंपळ बंद पडत नाय, तुमची मोटर पडते.” बोन्साय हा शब्द आम्हा दोघींना पुष्कळ वर्षं माहीतच नव्हता. आम्ही त्यांना आपाची बुटकी म्हणायचो. मी वर जाऊन पाणी घालायची. आपा म्हणायची, जास्त नको, मुळं बुडतील, कमी नको, मुळं भाजतील. मधलं किती ते मात्र तिनं कधी सांगितलं नाही. बोटानं माती चाचपून बघ, म्हणायची.

नवरा गेल्यावर इरफाननं तिला कॅनडाला नेलं. माग विकले गेले, बुटकी सगळी माझ्याकडे आली. तिकडे गेल्यावर तीन महिने आपा फोनवर नुसती रडायची. घरात बसून छातीवर ओझं आल्यासारखं होतं, म्हणायची. मग एक दिवस सुनेबरोबर रोपवाटिकेत गेली आणि एक मेपल घेऊन आली. वीतभर उंच, पानं बाळाच्या पंजासारखी. त्या रविवारी तिचा आवाज फिरला होता. “सुमन, मला परत काम लागलंय,” म्हणाली. मी इकडे एकटीच हसले.

आता माझी चूक. पानगळ झाली, थंडी वाढली, आणि आपानं सांगितलं की आज बर्फ पडणार आहे, झाड अंगणात आहे. मी लगेच म्हणाले, “आणि तू घरात शेगडीजवळ? आपा, लाज नाय वाटत? लेकराला आत घे की!” ती जरा घुटमळली. म्हणाली, रोपवाटिकेतल्या म्हाताऱ्या गोऱ्यानं हात हलवून काहीतरी सांगितलेलं, आऊटसाईड, आऊटसाईड. मी म्हटलं, त्याला काय कळतंय, त्याला विकायचं होतं, विकलं. आणि आपानं माझं ऐकलं. आम्ही दोघी भिवंडीच्या. आम्हाला उन्हानं मेलेलं झाड माहीत, पुरानं मेलेलं माहीत. थंडीत माणसाला आत घेतात, बकरी आत घेतात, मग झाड का नाही, एवढंच आमचं गणित.

झाडाला पंधरा दिवसांत पालवी फुटली. बाहेर सगळं पांढरं आणि आत आपाच्या खिडकीत हिरवीगार पानं! तिनं फोटो पाठवले, मी आख्ख्या चाळीला दाखवले. बघा, म्हटलं, आमच्या आपाच्या हाताचा गुण. पण फेब्रुवारीत पानं लांबट, फिकी पडायला लागली. मार्चमध्ये गळली. एप्रिलमध्ये तिकडे रस्त्यावरच्या सगळ्या झाडांना कोंब आले, आणि आपाच्या कुंडीत नुसती काडी. ती ते झाड घेऊन त्या गोऱ्याकडे गेली. त्यानं काडी हातात घेतली आणि, आपा सांगत होती, आधी आपल्या गालाखाली दोन्ही हात ठेवून डोळे मिटले, मग तिच्या खांद्याला धरून गदागदा हलवलं. तिला नीट समजलं. हिवाळ्यात त्या झाडांना झोप लागते, आणि ती थंडीशिवाय लागत नाही. झोप पूर्ण झाली नाही तर झाड जागेपणीच मरतं.

त्या रविवारी आपाच म्हणाली, “तू सांगितलंस नि मी ऐकलं. दोघी गाढव. आता पुढच्या वर्षी बघू.”

पुढच्या वर्षी तिनं नवा मेपल आणला आणि तेव्हापासून ती शिकली, आणि तिच्याबरोबर मीही, फोनवरून. दरवर्षी थंडी लागायच्या आधी ती कुंड्या अंगणाच्या कोपऱ्यात, भिंतीच्या आडोशाला, जमिनीत काठापर्यंत पुरायची. थंडीपेक्षा वारा वाईट, म्हणायची, आणि मुळं उघडी पडली तर संपलं. वर सुक्या पानांचा ढीग. ससे आणि उंदीर साल कुरतडतात म्हणून भोवती जाळी. मग बर्फ पडला की ती फावड्यानं अंगणातला आणखी बर्फ आणून त्या ढिगावर टाकायची. शेजारीण बघत राहायची, या बाईला झालंय काय. बर्फ म्हणजे गोधडी, असं आपा मला समजवायची, आणि मी दरवेळी विचारायची, गार गोधडी? मेपलच्या जोडीला तिनं आणखी एक झाड आणलं, लार्च, आपल्या सुरूसारखं. ते शरद ऋतूत पिवळं पडलं आणि त्याची सुईसारखी पानं सगळी गळली तेव्हा आपा फोनवर ओरडत होती, गेलं गो हे पण! पण नाही, ते झाडच तसं. त्याची वळणं तिनं सात वर्षं घडवली. तार मात्र तिकडे विकत घ्यावी लागायची, याचं तिला फार वाईट वाटायचं.

तर आता त्या चौथ्या दिवसावर येते. जानेवारीची अखेर, उणे वीसची थंडी, आणि दोन्ही झाडं हीटरजवळ. मी इरफानला विचारलं, कधी आत घेतलीस? म्हणाला, दफन करून आलो त्याच दिवशी. जमीन दगडासारखी होती, गरम पाणी ओतून कुंड्या सोडवल्या, मेपलच्या कुंडीचा काठ फुटला. गरम पाणी! मी डोळे मिटून घेतले.

“इरफान, आत्ता उठ. ती झाडं बाहेर काढ.”

“मावशी, बाहेर उणे वीस आहे. तू बर्फ बघितलायस तरी का कधी?”

“नाय बघितला. अकरा वर्षं ऐकलाय.”

“चार दिवस आत आहेत, छान आहेत. मेपलला तर लाल टोकं पण यायला लागलीत.”

लाल टोकं! म्हणजे झाड जागं व्हायला लागलं होतं. आत ठेवलं तर पहिल्या मेपलसारखं दमून मरणार, आणि एकदम उणे वीसमध्ये नेलं तर ती टोकं रात्रीत जळणार. आपा असती तर तिनं बोटानं चाचपून सांगितलं असतं. इथं मी अंजूरफाट्याच्या बाजूला दोन खोल्यांत, बाहेर गोदामांचे ट्रक हॉर्न मारतायत, आणि हजारो मैलांवरच्या झाडाचं मी ठरवायचं! चुकलं तर दुसऱ्यांदा माझ्याच तोंडून आपाचं झाड जाणार होतं.

मी म्हटलं, तुमच्या गॅरेजात हीटर आहे का? नाही म्हणाला. मग आत्ता तिकडे ने, खाली फरशीवर, भिंतीशी. दहा-बारा दिवस तिथं राहू दे, परत गार होऊ दे. मग थंडी जरा उतरेल त्या दिवशी बाहेर, अम्मी ठेवायची त्याच कोपऱ्यात, पानांत, जाळी लावून. मी आणखी जोर केला, तर तो एकदम भडकला. असा तो माझ्यावर आयुष्यात ओरडला नव्हता, कडेवर खेळवलाय मी त्याला.

“बाहेर, बाहेर काय लावलंयस? अम्मीला पण बाहेरच ठेवून आलो ना मी! त्या बर्फात! मशीननं जमीन खोदली, मावशी, हातानं खोदता पण येत नव्हती. तिला तर मी आत नाही आणू शकत!”

...

फोनवर त्याचा श्वास ऐकू येत होता. त्या पोरानं झाडं कशासाठी आत आणली ते मला तेव्हा कळलं, आणि वाटलं, जाऊ दे ना, मरेनात का झाडं, याला तरी जरा बरं वाटेल. खरंच तसं वाटलं. पण मग डोळ्यांपुढे आपा आली, फावड्यानं बर्फ ओढणारी, गुडघे दुखत असताना.

मी म्हटलं, “इरफान, अम्मीचा पहिला मेपल कसा मेला, माहीत आहे तुला?”

“अम्मीनं आत घेतला होता. ती म्हणायची, मीच मारलं त्याला.”

“तिनं नाय मारलं. मी मारलं. मी सांगितलं आत घे, मी तिला लाज काढून बोलले. तिनं माझं नाव कधी घेतलं नाय तुमच्यासमोर?”

“नाही,” तो म्हणाला. “एकदा पण नाही.”

दहा वर्षं तिनं माझी चूक आपल्या अंगावर घेतली होती, मुलासमोर, सुनेसमोर. मग मला खुर्ची सरकल्याचा आवाज आला, दार उघडल्याचा, आणि तो धापा टाकत म्हणाला, “मावशी, फोन ठेवू नकोस. लार्च आधी नेतो.”

त्यानंतरचे दिवस कसे काढले ते मलाच माहीत. रोज विचारायची, लाल टोकं वाढली का? रोज तो बॅटरी मारून बघायचा. वाढली नाहीत. बाराव्या दिवशी थंडी उतरली तेव्हा दोन्ही झाडं बाहेर गेली. इरफाननं व्हिडिओवर दाखवलं. पानांचा ढीग त्यानं फारच उंच केला होता, अर्धी झाडं त्यात गायब. मी रागावले, तर म्हणाला, “तू इकडे येऊन लाव.” बऱ्याच दिवसांनी त्याच्या तोंडून असं काही ऐकलं.

आता मार्च लागलाय. गेल्या आठवड्यात मी त्याला सांगितलं, नखानं लार्चची साल अगदी जराशी खरवड. त्यानं खरवडली, आतून हिरवी निघाली. मेपलच्या एका फांदीची टोकं काळी पडलीत, ती गेली समजायची. खोड अजून आम्ही खरवडलेलं नाही. धीर होत नाही दोघांनाही. तिकडे कोंब यायला मे उजाडतो, तोवर कळणारही नाही काही. आपा असती तर म्हणाली असती, घाई कसली, झोपू दे.

काल शुक्रवार होता. इरफानचा फोन आला तो कबरस्तानातून, मागे वारा वाजत होता. तेव्हा मला कळलं की दर शुक्रवारी हा फावडं घेऊन जातो आणि आईच्या कबरीवरचा बर्फ काढून जमीन साफ करतो. मला कधी बोलला नव्हता.

“काल रात्री पुष्कळ पडलाय, मावशी. फावडं आहे हातात. पण आज नाही काढला. राहू दिला.”

“बरं केलंस,” मी म्हटलं. “आता तू घरी जा, इरफान. तुला लवकर सर्दी होते.”