जिरीसच्या माळा आणि फादरची चिठ्ठी

मी वसई सोडली ती फुलांच्या टेम्पोतून. विमानतळावर सोडायला अख्खी आळी निघाली, जीपमध्ये कोणी मावेना, मग शेजारच्यांचा मोगऱ्याचा टेम्पो काढला. आय बॅगेत सुके बोंबील कोंबत होती आणि पप्पा ते हळूच बाहेर काढत होते. "असू दे हो, तिकडे त्या वाळूत पोरीला काय मिळणार?" आय करवादली. पप्पांना बोंबलांचं काही पडलं नव्हतं. त्यांचं एकच चाललं होतं, "फिलू, फादरची चिठ्ठी घेतलीस ना?"

फादरची चिठ्ठी म्हणजे काय, हे आमच्याकडच्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. शाळेत प्रवेश हवा, चिठ्ठी. नर्सिंगला जायचंय, चिठ्ठी. मुलीला स्थळ आलं, मुलाची चौकशी करायची, तरी चिठ्ठी. 'ही मुलगी आमच्या धर्मग्रामातली, चांगल्या घरची' एवढंच फादर लिहायचे, खाली सही आणि देवळाचा गोल शिक्का. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. पप्पांची पक्की समजूत होती की जगात कुठेही जा, खुर्चीतला माणूस तो शिक्का बघून आपलं काम करतोच. कतारमध्ये दोह्याच्या विमानतळावर ती चिठ्ठी मी कोणाला दाखवणार होते, देव जाणे! पण घेतली.

नव्वदीची शेवटशेवटची वर्षं ती. दोह्यात तेव्हा देऊळच नव्हतं. शुक्रवारी सुट्टी, म्हणून आमचा रविवार शुक्रवारी. एका बंगल्याच्या हॉलमध्ये चटया टाकून मिस्सा, म्हणजे आमची सामुदायिक प्रार्थना व्हायची, एसी घरघरायचा आणि फादरचा अर्धा उपदेश त्यात बुडायचा. मी दवाखान्यात नर्स, नवरा अँटन एका ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायचा, घर फरीज बिन ओमरान वस्तीत दोन खोल्यांचं. दिवसभर हिंदी, इंग्लिश, मधेच अरबी यल्ला, म्हणजे चल, नि खलास. मराठी बोलायची ती घरी येऊन अँटनशी भांडताना.

दवाखान्यात रिसेप्शनला सल्वा होती. पॅलेस्टिनी, आणि आमच्यासारखीच कॅथलिक. पहिल्याच दिवशी म्हणाली, मी बेथलेहेमची. मी येडी बोलून गेले, "बेथलेहेम? म्हणजे नाताळच्या गोठ्यातलं?" ती खो खो हसली. "हो सिस्टर, तेच. तिथे माणसंही राहतात बरं का." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्या मनात येशूचं बेथलेहेम म्हणजे नाताळच्या देखाव्यातला कापूस, भुसा आणि चांदण्यांचा कागद. तिथे कोणी दुधाच्या पिशव्या आणत असेल, भावंडं भांडत असतील, असं कधी डोक्यातच आलं नव्हतं.

सल्वा लग्न करून बाहेर पडली आणि तिथे राहायचा हक्क गमावून बसली. माहेरी जायला तिला इस्रायलची परवानगी काढावी लागायची. कधी मिळायची, कधी जॉर्डनच्या हद्दीवरच्या पुलावरून परत पाठवायचे. घरी म्हातारी आई आणि धाकटा भाऊ जिरीस. बापाच्या मागे ऑलिव्हच्या लाकडाचं वर्कशॉप तोच चालवायचा. माळा, क्रूस, गोठ्याच्या मूर्ती. सल्वा म्हणायची, "जिरीस तिथे आहे तोवर माझं घर आहे. तो तिथून उठला की खलास." मी तेव्हा हे नुसतं ऐकून घेतलं. घर कोणाच्या तरी तिथे असण्यावर टिकून असतं, हे वसईच्या बाईला काय कळणार?

मग तिकडे इस्रायलशी पुन्हा पेटलं. यात्रेकरूंच्या बसेस बंद झाल्या. वर्कशॉपमध्ये माल पडून. पण जिरीस हिकमती. त्याने वेबसाइट काढली, माळांचे फोटो टाकले, आणि अमेरिकेतून, मनिलातून लोक खरंच मागायला लागले. फक्त त्यांना पैसे पाठवायचे होते इंटरनेटवरून, कार्डाने, घरबसल्या. एका माळेसाठी कोण बँकेत जाऊन तासभर उभं राहतंय? आणि ती सेवा देणारी जी मोठी कंपनी होती, तिच्या देशांच्या यादीत पॅलेस्टाइन नव्हतंच.

अँटन म्हणाला, "हात्तिच्या, एवढंच ना?" त्याने आमच्या घरी कॉम्प्युटर लावला, सल्वाला शेजारी बसवलं. यादी खाली नेली, वर आणली. मग म्हणाला, "इस्रायल टाकूया." सल्वाने मान हलवली. जिरीसचा पत्ता तिथला नाही, बँक तिथली नाही, चालणारच नाही. "मग जॉर्डन टाक!" आम्ही भारतीय, जुगाडाशिवाय आम्हाला घास उतरत नाही. सल्वाने भावाला फोन लावला. जिरीस म्हणाला, "मी प्रार्थनेच्या माळा विकतो. पहिलीच गोष्ट खोटी लिहून कशा विकू?" अँटनने गपचूप कॉम्प्युटर बंद केला.

सल्वा तेव्हा एक गोष्ट बोलली ती माझ्या काळजात रुतून बसली. त्यांच्या गच्चीवरून समोरची टेकडी दिसते. तिथे नवी वसाहत झाली आहे, इस्रायली लोकांची. त्यांना ती सेवा मिळते. मधे फक्त एक दरी. इकडचा माणूस हाक मारेल तर तिकडे ऐकू जाईल, पण तिकडचा माल विकतो आणि इकडचा पडून राहतो. "आम्हाला दान नको गं, हबीबती," ती म्हणाली. "समोरच्याला आहे तेवढं पुरे."

मग मला काय सुचावं? फादरची चिठ्ठी! मी वसईची, मला दुसरं सुचणार तरी काय?

शुक्रवारी मिस्सा झाल्यावर मी फादरना गाठलं. फादर घाबरट नव्हते, पण जपून वागणारे. "फिलोमिना, आपण या देशात पाहुणे आहोत. राजकारण नको." मी म्हटलं, "फादर, राजकारण कसलं? माळ विकायची की नाही एवढंच विचारायचंय." ते बराच वेळ दाढी खाजवत बसले. मग त्या कंपनीला लिहिलं, आणि काय लिहिलं! 'दरीच्या एका बाजूच्या शेजाऱ्याला जे मिळतं ते दुसऱ्या बाजूच्याला का मिळू नये, हे आम्हाला आमच्या मुलांना समजावता येत नाही.' खाली सही, गोल शिक्का. आमच्या वसईकरांनी सह्या केल्या, मंगळुरी लोकांनी केल्या, फिलिपिनो बायकांनी केल्या. जिरीसकडून मूर्ती घेणाऱ्या एका अमेरिकन चर्चनेही आपलं वेगळं पत्र पाठवलं. मिस्सामध्ये विनंत्या वाचतात, त्यात मी वाचलं, "बेथलेहेमच्या कारागिरांना समान वागणूक मिळावी म्हणून प्रार्थना करूया." सगळे म्हणाले, हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक. सल्वा मागच्या रांगेत ओढणीने तोंड झाकून रडत होती.

त्या दिवशी तिने भावाला सांगितलं, "ईस्टरपर्यंत थांब. चर्चने लिहिलंय." तोपर्यंत त्याने देश सोडायचं मनात घेतलं होतं, चिलीला त्याचे नातेवाईक होते. बहिणीच्या शब्दावर तो थांबला.

आमचं चुकलं कुठे, हे मला फार उशिरा कळलं. आम्ही समजत होतो, पलीकडे खुर्चीत एक माणूस आहे. चष्मा लावेल, शिक्का बघेल, जरा ओशाळेल. पलीकडे खुर्चीच नव्हती. लगेच एक ईमेल आलं, आपल्या अभिप्रायाबद्दल आभार. आम्ही काय आनंदलो! अँटनने छापून मिस्साच्या हॉलमधल्या फळ्यावर लावलं. मग आणखी एक पत्र टाकलं, त्यालाही अक्षर न् अक्षर तेच उत्तर. अमेरिकन चर्चला मात्र एक वेगळं आलं, नम्र, गोड, आणि त्यात होतं की सध्या त्या भागात सेवा सुरू करण्याचा विचार नाही. का नाही, याबद्दल एक शब्द नाही. फादर ते वाचून म्हणाले, "नाही म्हणणारा कोण आहे तेही कळू देत नाहीत." त्यांनी पुन्हा लिहिलं. त्यांची बदली झाली, नव्या फादरांनीही लिहिलं. मी आजही म्हणते, लिहिलं ते बरोबरच केलं.

पण ईस्टर येऊन गेला. मग दुसराही गेला. जिरीसने यंत्रं विकली, आईला घेतलं आणि तो चिलीला गेला. सल्वाला हा फोन दवाखान्यात आला. समोर पेशंटची रांग. तिने फोन ठेवला, पुढच्या माणसाचं कार्ड घेतलं, नाव विचारलं आणि उत्तर ऐकून पुन्हा तेच नाव विचारलं. मी तिला उठवून आत नेलं. आत ती ज्या आवाजात रडली तो आवाज मी प्रसूती वॉर्डातसुद्धा ऐकलेला नाही. तिची आई तिकडच्या पहिल्याच हिवाळ्यात गेली. येशूच्या गावात जन्मलेली बाई, पुरली कुठे? जिथे तिला पाण्याला काय म्हणतात तेही माहीत नव्हतं. माझं डोकं फिरतं अजून. कोणावर ओरडू? माणूसच नाही समोर!

पुढे दोह्यात शहराबाहेर मोठं देऊळ झालं, आम्ही सगळे हरखलो. सल्वा आली, गुडघे टेकले, उठून गेली.

त्या उन्हाळ्यात मी वसईला गेले. दरवर्षी जाते आणि दरवर्षी कुरकुरते, इमारती किती झाल्या, नळाला पाणी नाही, डास. तुम्ही मला हसता, घरी राहिलेल्यांनो, आणि बरोबरच हसता. निघताना सल्वा म्हणाली होती, पोचलीस की फोन कर. मी स्वयंपाकघरातून केला. आणि नेमकी आय माझ्यावर तापली. मी आल्या आल्या सगळ्या बॅगा वाटेत पसरल्या होत्या. मी ओशाळून फोनवर हात ठेवला.

"हात काढ," सल्वा म्हणाली. "ऐकू दे. काय म्हणतेय ती?"

"म्हणतेय, आल्यापासून घराचा उकिरडा केलास, जा परत तुझ्या दोह्याला."

सल्वा म्हणाली, "मला असं हाकलायलासुद्धा तिथे आता कोणी नाही."

घर म्हणजे काय, हे त्यानंतर मला कोणी विचारलं नाही आणि मी कोणाला सांगितलं नाही. मी फोन आयच्या तोंडाजवळ धरला.

"आये, थांबू नकोस," मी म्हटलं. "अजून बोल मला."