रातांब्यातलं पाणी

आमच्या कारखान्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते फिल्टरवरच्या गाळासारखे आपोआप साचतात. गाळ निदान धुऊन टाकता येतो. किस्से काही जात नाहीत. संध्याकाळी मांडवीला समुद्रासमोर बसलं की मित्रांपैकी कोणी ना कोणी विचारतोच, त्या शैलावहिनीचं पुढे काय झालं? म्हणून म्हटलं, एकदाचं सगळं सांगून टाकावं.

आमचा कारखाना रत्नागिरीबाहेर कातळावर. उन्हाळ्यात हापूसचा पल्प आणि रातांब्यांचा, म्हणजे ओल्या कोकमांचा, अर्क. पाऊस लागला की शटर खाली. मालक अण्णा. मी लॅब सांभाळतो. त्याआधी नऊ वर्षं गुजरातेत एका केमिकल कंपनीत होतो. परत यायचं, परत यायचं म्हणता म्हणता आई गेली आणि मग आलो. दार उघडायला कोणी नव्हतं. त्याची रुखरुख अजून आहे, उगाच कशाला लपवू?

शैलावहिनी खालच्या वाडीतली. रातांबे फोडायला म्हणून आली होती. नवरा सुधाकर मुंबईत लिफ्ट दुरुस्त करतो. गणपती, शिमगा, दिवाळीचे चार दिवस, एवढाच त्यांचा संसार. इथे बारमाही काम असेल तर उद्या येतो, असं तो दर वेळी म्हणायचा. आणि आमचं काम जेमतेम तीन महिन्यांचं!

*

पूर्वी आम्ही अर्क घट्ट करायला तो उकळायचो. लालभडक रंग तपकिरी व्हायचा आणि वास गावभर पसरायचा, म्हणजे अर्कात काही उरायचं नाही. मग अण्णांनी मेंब्रेन प्लांट घेतला. मेंब्रेन म्हणजे इतकी बारीक जाळी की दाब दिला की पाणी तेवढं पलीकडे जातं आणि रंग, आंबटपणा, वास अलीकडे राहतो. आच नाही, धूर नाही.

प्लांट बसवायला आलेल्या पुण्याच्या इंजिनीअरने दोन तास लेक्चर दिलं. शेवटी अण्णांनी विचारलं, कोणाला काय समजलं? सगळे जमिनीकडे बघायला लागले. मागून शैलावहिनी म्हणाली,

"पाणी तेवढं मुंबयला जातंय, बाकी सगलं हितंच."

इंजिनीअरने ते वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून वहिनी प्लांटची ऑपरेटर झाली.

*

पहिला हंगाम संपत आला तेव्हा मी तिला सांगितलं, मेंब्रेन नीट धुऊन ठेवा. एवढंच सांगितलं, चूक माझीच.

दुपारी खळ्यावर गेलो तर वाळत घातलेल्या कोकमाच्या सोलांच्या शेजारी उन्हात मेंब्रेनची लांबलचक नळकांडी ओळीने वाळत पडलेली. कावळ्यांनी चोच मारू नये म्हणून वर जुनं पातळ! मी असा काही ओरडलो की अण्णांना आत ऑफिसात ऐकू गेलं. मेंब्रेन एकदा वाळली की कामातून गेली, ती ओलीच ठेवावी लागते.

वहिनीचा चेहरा उतरला. सोलं, मासे, आंबापोळी, कुळीथ, आपल्याकडे जे टिकवायचं ते उन्हात घालायचं, हे तिला लहानपणापासून ठाऊक. नळकांडी उचलताना ती एवढंच म्हणाली, "वालवल्याशिवाय टिकणारं मी आजवर काय बघलंच न्हाय."

नवी मेंब्रेन आली. त्यानंतर तिला ओलं ठेवणारं औषधपाणी बदलण्याचा दिवस वहिनीने कधी चुकवला नाही. एकदा तो नेमका गणपतीत आला. ती आत व्हॉल्व्ह फिरवत होती आणि चार दिवसांसाठी आलेला सुधाकर गेटबाहेर मोटारसायकलवर बसून होता. मी म्हटलं, मी करतो, तुम्ही जा. ऐकेल तर ना!

*

दुसऱ्या वर्षी अण्णांना वाटलं, कोकमाला जमतं ते हापूसला का नाही? मी सांगून दमलो की पल्प दाट असतो, त्यातला चोथा जाळी बुजवणार. अण्णा म्हणाले, "हापूस आहे तो. त्याला कोण अडवतंय?"

दहा मिनिटांत पंप कण्हायला लागला. पलीकडच्या नळीतून एक थेंब येईना. पुढचे दोन दिवस आम्ही सगळे मेंब्रेन धूत होतो आणि अण्णा बागेत फवारणी बघायला गेले होते. मे महिन्यात कसली फवारणी, ते त्यांनाच ठाऊक.

परत आले ते मात्र मऊ होऊन. म्हणाले, हा कोकमाचा घट्ट अर्क कोल्ड स्टोरेजमध्ये दिवाळीपर्यंत रंग-वास धरून राहिला, तर त्यात पाणी घालून बाटल्या भरायचं काम वर्षभर चालवू. आणि मेंटेनन्सला सुधाकरला घेऊ. वहिनीने नुसती मान हलवली. पण त्या दिवसापासून दर महिन्याला मी कॅन उघडला की ती माझ्या आधी वाकून वास घ्यायची.

*

जुलैत तिने अण्णांना विचारून एक बाटली अर्क सुधाकरला पाठवला. मुंबईच्या गाडीत सामान चढवायला मीही गेलो होतो. बघतो तर बाटलीबरोबर पाच लिटरचे दोन कॅन!

"ह्यात काय?"

"पाणी. मशीनीतून निघालेलं, हंगामातच भरून ठेवलेलं."

मला हसू आवरेना. हे पाणी वाहून न्यायला लागू नये म्हणून तर अण्णांनी एवढं मशीन आणलं! मी विचारलं, मुंबईत काय पाणी मिळत नाही?

वहिनी कॅनचं झाकण आवळत म्हणाली, "मिलतं ना. पण त्याच्यातनं काढलं ते हे."

मी कॅन उचलून गाडीत ठेवले. परत येताना मला आईची आठवण येत होती. नऊ वर्षांत तिने मला काय काय बांधून दिलं आणि मी त्यातलं किती नको म्हणून मागे ठेवलं, तेच डोळ्यांपुढे येत राहिलं.

*

दिवाळीत सुधाकर आला. पाडव्याला अण्णांनी त्याला मुद्दाम कारखान्यात बोलावलं. शेवटचा कॅन उघडायचा होता. रंग मी आधीच तपासला होता, तो उत्तम होता. वास आणि चव बाकी होती, आणि ती मी बघणार नाही, अण्णाही नाही, सुधाकरने बघायची, असं अण्णांनीच ठरवलं. आम्हां सगळ्यांच्या जिभा म्हणे या कामात पक्षपाती.

वहिनीने अर्क मापून घेतला, त्यात पाणी घातलं, ढवळलं. ग्लास त्याच्या हातात देऊन ती मशीनच्या पलीकडे जाऊन उभी राहिली.

सुधाकरने वास घेतला. एक घोट घेतला. मग थांबून उरलेलं एका दमात संपवलं. अण्णांना धीर निघेना. त्यांनी विचारलं, "कसं आहे?"

ग्लास हातात तसाच धरून तो पंपाकडे गेला, खाली वाकून बघितलं, पाइपवरून हात फिरवला. मग म्हणाला,

"अण्णा, वर्षभर चालवायचं तर माणसं किती लागतील?"

"दोघं."

सुधाकर मशीनच्या पलीकडे वहिनीकडे बघत म्हणाला, "एक तर हायच."

वहिनी पुढे आली, त्याच्या हातातला ग्लास घेतला आणि धुवायला मोरीवर गेली. तो एक ग्लास धुवायला तिला अर्धा तास लागला.