राजाच्या आंघोळीचं पाणी

ऐतिहासिक कादंबरी वाचली की प्लंबरकाकांचं डोकं फिरायचं, आणि वाचायची मात्र असायची तीच. आता काय म्हणावं या माणसाला! लायब्ररीतल्या बाईंच्या तर नाकी नऊ आले होते.

"पुन्हा राजा, पुन्हा लढाई! आणि चार पानं झाली की गच्चीवर चांदणं पडलंच म्हणून समजा," काका पुस्तक टेबलावर आदळत. "अहो बाई, हा राजा आंघोळ कुठल्या पाण्यानं करत होता? ते महालात आणलं कुणी? त्या काळातल्या नळ-पाण्याचं काहीतरी द्या. आणि प्रेमबिम नको."

बाईंनी शेवटी कपाटामागून एक जाडजूड कादंबरी उकरून काढली. गावात पहिल्यांदा खापराच्या नळांनी पाणी आलं, तो काळ. नायक नळ बसवणारा, बायको असून नसल्यासारखी. काका हरखले. आणि नेमकं तेव्हाच डोळ्याचं ऑपरेशन निघालं! एक डोळा आधीच गेलेला, दुसऱ्याची डॉक्टर खात्री देईनात. पट्टी बांधून पडल्या पडल्या काकांचा काकूंकडे एकच धोशा, एवढं पुस्तक मला पुरं ऐकव.

काकू दुपारी भांडी आवरून वाचायला बसत. सांधे, उतार, चुना, पुन्हा सांधे. जांभई आली की काका खेकसत, "मन लावून वाच!"

त्या दिवशी नायकाला कामावर निरोप आला, बायको तापानं फणफणलीय. त्यानं थापी टाकली आणि घराकडे धूम ठोकली.

"सांधा अर्धवट टाकून?" काका उठूनच बसले. "चुना ओला, वरून पाणी सुटणार, आणि हा निघाला घरी?"

"गळू दे की थोडं."

"गळू दे? कुठल्या गाढवानं लिहिलंय हे?"

"मी," काकू म्हणाल्या. "पुस्तकातला जातच नाही. सांधा पुरा करतो. थोरलीच्या वेळी मला ताप भरला, तेव्हा तुम्हालाही निरोप पोचला होता. दिवेलागण उलटल्यावर आलात, आणि पहिलं काय सांगितलंत? थेंबभर गळलं नाही म्हणून!"

काका पुन्हा उशीला टेकले. मग म्हणाले, "बरं. तुझा तो घरी पोचला. पुढं?"

"दारात उभा आहे. काय बोलतो ते मला कुठलं ठाऊक? मी कधी ऐकलेलं नाही. तुम्हीच सांगा."

जन्मभर लेखकांना नावं ठेवणाऱ्या काकांना एक वाक्य सुचेना. काकू पुस्तक मांडीवर धरून बसून राहिल्या.