दोरीखात्यातल्या आत्याचं लग्न

आत्याने आपल्या लग्नाची बातमी फक्त एकाच बाईला सांगितली, आणि तीही ‘कुणाकडे बोलू नकोस हं’ असं बजावून. त्या बाईला सगळे भोंगा म्हणत. संध्याकाळच्या आत ती बातमी बाजार, लाँड्री आणि शिंप्याचं दुकान करून आमच्या दारात परत आली, तेव्हा तिला चांगले हातपाय फुटले होते. लग्न येत्या रविवारी आमच्याच आवारात होतं, नवरदेव परगावचा होता, विधुर होता, त्याच्याकडे दोन मोटारी होत्या आणि त्याचा एक डोळा जरा अधू होता.

“डोळा कुठून आला?” आत्या मला म्हणाली. “मी डोळ्याबद्दल अक्षरही काढलं नव्हतं!”

आत्या तेव्हा बासष्ट वर्षांची. उभ्या आयुष्यात तिने लग्नाचं नाव काढलं नव्हतं. “दिवसभर दोरीला पीळ घालायचा आणि घरी येऊन नवऱ्याचा पीळ सोडवत बसायचं? मला नाही जमणार,” असं ती म्हणे.

दोरी म्हणजे ॲस्बेस्टॉसची. कारखान्यात पत्र्याचं खातं पुरुषांचं आणि दोरीचं बायकांचं. भट्टीच्या दाराला, बॉयलरच्या झाकणाला वाफ निसटू नये म्हणून जी जाड पांढरी दोरी बसवतात, ती या बायका यंत्रावर विणत. विणताना कापसासारखा मऊ भुसा उडे. केसांवर, भुवयांवर, डब्यातल्या घासावर. सगळ्या पोरीच होत्या तेव्हा. त्या भुशाच्या दाढ्यामिश्या लावून सुपरवायझरची नक्कल करत आणि हसता हसता बाकावरून खाली पडत. आत्याची नक्कल सगळ्यांत फक्कड, कारण तिचा दम सगळ्यांत मोठा. एका श्वासात अख्ख्या खात्याची उणीदुणी काढून वर शिट्टी वाजवायची. तिला इंजिनच म्हणत.

आता इंजिन दहा पायऱ्यांत बंद पडत होतं. छातीच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या फुप्फुसांचा फोटो उजेडासमोर धरून त्यावरचे व्रण दाखवले. तो मऊ भुसा श्वासाबरोबर आत जातो, वीस-तीस वर्षं गुपचूप बसून राहतो आणि मग छळायला लागतो. झालेली इजा भरून येत नाही. पण वेळेत कळलं तर औषधं असतात, श्वासाचे व्यायाम असतात, साध्या सर्दीचा न्यूमोनिया होऊ न देण्याची काळजी घेता येते.

“आणि तुमच्या बरोबरीच्या बायका?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं. “त्यांची तपासणी झाली?”

आत्याच्या डोळ्यांपुढे एकच बाई आली: बुटकी. एकाच बाकावर शेजारी शेजारी बसून दोघींनी अर्धं आयुष्य काढलं होतं. बुटकीला खोकला होता. विचारलं की म्हणायची, धुळीची ॲलर्जी. पावसात विचारलं की म्हणायची, दमट हवा.

मोफत तपासणीची गाडी आमच्या आवारात आली, भिंतीवर कागद चिकटवले, आत्या थांबत थांबत घरोघर जाऊन आली. आल्या किती, तर दोघी. त्यातली एक चष्म्याचा नंबर काढायला आली होती. बुटकीने तर दारातच ऐकवलं, “तुला आजार झालाय म्हणून सगळ्यांना जोडीला घेऊन चाललीस का? सहल आहे का ती?” आणि दार लावून घेतलं. तेव्हापासून दोघींचा अबोला.

आत्या आठवडाभर छताकडे बघत पडून होती. मग एका सकाळी उठून बसली. “माणसं मरणाची चौकशी करायला येत नाहीत गं,” ती म्हणाली. “लग्नाची करायला येतात.”

आणि तिने भोंग्याला चहाला बोलावलं.

रविवारी तपासणीची पांढरी गाडी पुन्हा आवारात उभी राहिली आणि तिच्यामागोमाग दोरीखातं येऊ लागलं. ठेवणीतले कपडे, अत्तरं, रंगवलेले केस, हातात भेटवस्तू. जिला गुडघ्यांमुळे बाजारात जाता येत नव्हतं ती दोन बस बदलून आली. भोंगाबाईने तर कमालच केली. पांढरी गाडी पाहून ही वरातीचीच, असं तिने ठरवून टाकलं आणि गाडीच्या दारावर लिहिलेलं दवाखान्याचं नाव झाकेल असा भलामोठा फुलांचा हार तिथे बांधला.

गाडीत छातीचे फोटो काढणारा एक गरीब स्वभावाचा, टक्कल पडलेला गृहस्थ होता. तो हवा खायला खाली उतरला आणि बायकांच्या गराड्यात सापडला.

“हाच!” भोंगाबाई म्हणाली.

“डोळे तर दोन्ही धड दिसतायत,” कुणीतरी म्हणालं.

“काय हो, गाडी स्वतःची का?”

“नाही, दवाखान्याची आहे,” तो म्हणाला.

“म्हणजे दुसरीही नसणार. पितात का?”

“कोण?”

“तुम्ही हो! बिड्या, सिगारेट, आणखी काही?”

“नाही, नाही. आणि छातीसाठी तर ते फारच...”

“गुणी आहे,” एकीने शेरा मारला. “आमच्या इंजिनाला सांभाळाल ना नीट?”

त्याने गोंधळून आजूबाजूला पाहिलं. त्याला वाटलं, गाडीच्या इंजिनाबद्दल विचारतायत. “मागच्याच महिन्यात दुरुस्त केलंय,” तो अभिमानाने म्हणाला.

आवारात असा हशा पिकला की वरच्या मजल्यांच्या खिडक्या उघडल्या. आत्या खुर्चीत बसून डोळे पुसत होती. पण तिची नजर फाटकावर होती. बुटकी आली नव्हती.

आली, ती तासाभराने. अंगावर घरचेच कपडे, केस विस्कटलेले, हातात काही नाही. लग्नाला नव्हे, भांडायला आली होती.

“निर्लज्ज!” ती फाटकातूनच ओरडली. “अर्धं आयुष्य तुझ्या शेजारी बसले. तुझ्या डब्यातलं खाल्लं, तुझ्या शिव्या खाल्ल्या. आणि तुझं लग्न मला भोंग्याकडून कळावं? भोंग्याकडून!”

“मी काय केलं?” भोंगाबाई म्हणाली.

“तू गप्प बस. कुठाय तो? बघू दे मला. हा?” तिने त्या गृहस्थाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “याच्यासाठी माझ्यापासून लपवलंस?”

“बुटके,” आत्या म्हणाली, “लग्नबिग्न काही नाही. ही तपासणीची गाडी आहे. तू यावीस म्हणून उठवली मी ती आवई.”

 आवारात एकदम कल्ला झाला. फसवलं! मी केस रंगवले हिच्यासाठी! माझं अत्तर वाया गेलं! तो गृहस्थ मात्र आता कुठे सगळा प्रकार ध्यानात येऊन लालबुंद झाला होता. “माझं लग्न झालंय हो,” तो कळवळून म्हणाला, आणि आत्याला हसू आवरेना. हसता हसता तिला खोकला आला, आणि खोकता खोकता तिचा श्वास अडकला.

तोंड उघडं, खांदे वर, आवाज नाही. कल्ला थांबला. कुणी पाणी आणायला धावलं, कुणी तिच्या पाठीत धपाटे घालायला लागलं.

“मारू नका तिला!” बुटकी सगळ्यांना ढकलत पुढे आली. तिने आत्याला पुढे वाकवलं, तिची कोपरं तिच्याच गुडघ्यांवर टेकवली आणि समोर उकिडवी बसली. “माझ्याकडे बघ. पाणी नको. नाकाने घे, थोडाच घे. आता ओठ आवळून सोड, गरम चहावर फुंकर घालतो तशी. घाई नाही. सोड. हं. पुन्हा.”

दोघी समोरासमोर फुंकर घालत राहिल्या. हळूहळू आत्याचे खांदे खाली आले. ती बुटकीकडे बघत होती. आम्ही सगळ्याच बघत होतो.

“हे डॉक्टरांनी मला शिकवलं,” आत्या शेवटी म्हणाली. “तुला कुणी शिकवलं?”

बुटकी आत्याच्या कपाळावरचा घाम टिपू लागली.

“धुळीच्या ॲलर्जीने?”

“कुणी नाही,” बुटकी पुटपुटली. “मोरीत नळ सोडून बसते. घरात कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. करता करता सापडलं.”

भोंगाबाईने तोंड उघडलं आणि, कुणी सांगितलं तर खोटं वाटेल, पण परत मिटलं.

“चल,” आत्या म्हणाली.

“भीती वाटते गं.”

“मला नव्हती वाटली? पण तू अशी एकटी मोरीत बसून फुंकर घालतेस, त्यापेक्षा चार जणींत घाल.”

बुटकी उठली, गळ्यातली साखळी काढून तिने आत्याच्या मुठीत दिली आणि हाराखालून वाकून त्या गृहस्थामागोमाग गाडीत शिरली. गाडीचा पत्रा पातळ होता. बाहेर सगळं ऐकू येत होतं.

“छाती इथे टेकवा. हनुवटी वर. दीर्घ श्वास घ्या आणि रोखून धरा.”

“अरे बाबा, श्वास माझ्या हातात असता तर मी इथे कशाला आले असते?”

बाहेर पुन्हा हशा पिकला, आणि हसता हसताच बायका कानातलं, गळ्यातलं काढत रांगेत उभ्या राहिल्या.

बुटकीच्या फोटोत व्रण निघाले, आत्यापेक्षा थोडे कमी. आणखीही काहींच्या निघाले. त्या दर बुधवारी आत्याच्या खोलीत जमायच्या, डॉक्टरीणबाई व्यायाम घ्यायच्या आणि मग गप्पा. एकीचा दम संपला की वाक्य दुसरी पूर्ण करायची. बहुतेक वेळा भलतंच.

पत्र्याच्या खात्यातले पुरुष मात्र कोणी फिरकायला तयार नव्हते.

“पुन्हा लग्न नाही चालायचं,” आत्या एका बुधवारी म्हणाली. “एकदा सगळे फसले, आता...”

“...मी नवऱ्याला सोडतेय म्हणून सांगू या,” बुटकीने वाक्य पुरं केलं. “हे बघायला पुरुषच आधी येतील.”

कोपऱ्यात बुटकीचा नवरा तिची औषधाची पिशवी धरून बसला होता. वर्षानुवर्षं तिचे भुशाने पांढरे झालेले कपडे दारात झटकून तोच धूत आला होता. त्याने घाबरून वर पाहिलं. “मला कुणी विचारलं का?”

“तुम्हाला कशाला विचारायचं?” बुटकी म्हणाली. “तुम्ही तपासणीच्या रांगेत पहिले उभे राहणार आहात.”