पहले नीचे, फिर खाली

इकडे हिंदी मुलखात, कोटऱ्याला, आमचे उस्ताद बंदूक शिकवतात आणि सहसा हसत नाहीत. जमिनीच्या वादात धमक्या आल्या म्हणून मी रिव्हॉल्व्हर घेतलं, त्यांच्याकडे गेले. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "भाभीजी, खाली है?" त्यांना विचारायचं होतं, रिकामं आहे का; मी मराठी बाई, नळी जमिनीकडे केली.

"ये भी सही. पहले नीचे, फिर खाली."

महिनाभर तेवढंच घोटून घेतलं, मग कुठे गोळी दिली. मी मनात चरफडायचे.

परवा भरदुपारी मागचं दार करकरलं. मी भरलेलं रिव्हॉल्व्हर उचललं, पण सवयीनं नळी खालीच राहिली. दारात आमचे हे, दुधीभोपळा घेऊन!

उस्तादांकडे पेढे नेले, घडलेलं सांगितलं. त्यांनी आधी विचारलं, "उँगली कहाँ थी?"

"ट्रिगर से दूर."

मग पेढा उचलला आणि हसले.