देग कशाबद्दल?

असरची नमाज झाली आहे, रोजा सुटायला अजून वेळ आहे, आणि पडवीतल्या खाटेवर बदरुद्दीन हुरजूक डोळे मिटून पडले आहेत. ते झोपलेले नाहीत. रोजेदार माणूस या वेळी झोपत नाही, नुसती जरा पाठ टेकतो. अंगणात चुलीवर भली मोठी देग चढली आहे आणि आचारी लाकडी घोटण्याने खिचडा घोटतो आहे. तो आवाज एका लयीत जवळ येतो, लांब जातो, पुन्हा जवळ येतो, आणि पाठ टेकता टेकता बदरुद्दीन पार तळाला जातात.

पायथ्याशी जैतून तांदूळ निवडत बसली आहे.

ती गेल्या थंडीत वारली, हे बदरुद्दीनना ठाऊक आहे. तिलाही ठाऊक असावं. पण नवराबायकोत काही विषय आल्या आल्या काढायचे नसतात.

"देग कसली चढवलीत?" ती मान वर न करता विचारते.

"मशिदीत इफ्तारी द्यायचीय. अख्ख्या जमातीला."

"कशाबद्दल?"

"कशाबद्दल काही नाही. सहज."

"सहज माणूस केळी देतो, मुनीराचे बावा. देग कुणी सहज चढवत नाही."

पडवी हलकेच डुलते. खाली पाणी आहे. ही खाडीपलीकडे नेणारी उतारूंची होडी आहे, आणि खाट तिच्या मधोमध आहे, याचं कुणालाच काही वाटत नाही. उतारू सगळे गावातलेच. सगळे पाठ करून बसलेत, कान मात्र सगळ्यांचे या बाजूला.

बदरुद्दीन बायकोच्या कानाशी वाकतात. "आपल्या मुनीराला दिवस गेलेत."

तांदळावरचा हात थांबतो. ती सूप मांडीवर टेकवते.

"मला शपथ घातलीय तिने," ते घाईने म्हणतात. "पोट दिसेपर्यंत कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही."

"मग मला कसं सांगितलंत?"

"तू आता कुठे कुणाला सांगायला जाणार?"

"तेही खरं," जैतून म्हणते. "आमच्या आळीत सगळे गप्पच असतात." मग ती पदराने डोळे पुसते आणि पुन्हा खडे शोधायला लागते. "आणि देग?"

"देग शुक्राची, अल्लाहचे आभार मानायला. तोंडातून मी एक शब्द काढलेला नाही हां!"

"शब्दाची गरजच ठेवली नाहीत तुम्ही. आता मशिदीत पहिला घास जायच्या आत कुणीतरी विचारणार, बदरूचाचा, काय खुशखबर? आणि तुम्ही हसणार. तुमचं ते हसू ओळखते मी. ते भोंग्यावरून सांगितल्यासारखंच असतं."

"खुशी झाली तर माणसाने शुक्र करू नये?"

"करावा की. ज्याचा करायचा त्याला हळू बोललेलंही ऐकू जातं. याकूब नबींनी आपल्या लेकराला काय सांगितलं होतं? स्वप्न तुझ्या भावांना सांगू नकोस, घात करतील. एका बापाच्या भावांना, मुनीराचे बावा!"

"मी भावांना कुठे सांगतोय? मी जमातीला..."

वाक्य तिथेच राहतं, कारण ते बसलेत ती होडीची फळी नाही, दवाखान्याचं बाकडं आहे. समोरचं दार बंद आहे. दाराबाहेर मुनीराच्या चपला, एक सरळ, एक उलटी. या बाकड्यावर ते दोघं आधी दोनदा बसले होते. दोन्ही वेळा गावभर मिठाई वाटून झाली होती.

बदरुद्दीन वाकून उलटी चप्पल सरळ करतात. ती पुन्हा उलटी होते.

"मिठाईमुळे झालं?" ते विचारतात. हे त्यांनी तेव्हा विचारलं नव्हतं.

"देणारा तो, नेणारा तो," जैतून म्हणते. "पण नजर खरी आहे, हे नबींनीच सांगून ठेवलंय. आणि ती काय दुश्मनाचीच लागते? समोरच्या घरात पाळणा रिकामा असला, तर त्या बाईने डोळे मिटून बसायचं का? आपण तिच्या डोळ्यांपुढे नाचवू नये, एवढंच. आणि नंतरचं आठवा. ज्याने ज्याने मिठाई खाल्ली, तो तो विचारायला आला. कसं झालं, केव्हा झालं. पोरगी अंथरुणावर पडल्या पडल्या प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत होती."

बदरुद्दीनना आठवतं. चहाचे कप त्यांनीच विसळले होते.

"जैतून," ते शेवटी म्हणतात, "तू असतीस तर देग चढलीच नसती. फोन आला, खाली ठेवला, आणि 'अगं ए' म्हणून मी आत वळलो. स्वयंपाकघरात मांजर होतं. त्याला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, पण ते काही बरोबर नाही. एवढी मोठी गोष्ट माणसाने ठेवायची कुठे?"

बाकडं मशिदीच्या अंगणात आहे. रांगेने जेवणाचे दस्तरखान अंथरलेत, जमात बसली आहे, आणि सगळे बदरुद्दीनकडे बघताहेत. त्यांचं हसू ओठांपर्यंत आलंय, आवरत नाही.

"माझं नाव सांगा," जैतून म्हणते.

"काय?"

"देग माझ्या नावाने आहे म्हणावं. पुण्य माझ्या रूहला पोचावं म्हणून. मेलेल्या बायकोच्या नावाने जेवण घालणाऱ्याचा कुणी हेवा करत नाही. वर दोन घास जास्त खातात."

"आणि ते खोटं नाही होणार?"

"आत्ता मनात नियत करा, म्हणजे खोटं राहणार नाही. मला काय नको आहे का?"

"म्हणजे तुझ्या मरणाच्या आड लपवू मी मुनीराला?"

"नातवंडाला आजी दुसरा कसला आडोसा देणार आता?" जैतून म्हणते, आणि सुपातून काहीतरी उचलून त्यांच्या तोंडात घालते. खजूर आहे. मऊ, गोड.

बदरुद्दीन दचकतात. "अगं, माझा रोजा!"

"स्वप्नात खाल्ल्याने मोडत नाही. तोंड मिटा आता."

ते तोंड मिटतात. रांगा नाहीत, जैतून नाही, घोटण्याचा आवाज थांबलेला आहे.

पडवीच्या पायरीशी मशिदीची देखभाल करणारा शरफुद्दीन उभा आहे. "बदरूचाचा, देग न्यायला माणसं आलीत. आणि जमात विचारतेय, कशाबद्दल म्हणून? काही खुशखबर?"

ते हसू येतंय हे बदरुद्दीनना कळतं. ते तोंड उघडायला जातात आणि जिभेला काहीतरी टणक लागतं. ते जीभ फिरवतात. खजुराची बी आहे. चोखून स्वच्छ केलेली, गोडीचा कणही न राहिलेली. ते तिला गालात सारतात.

"जैतूनच्या नावाने," ते म्हणतात.

शरफुद्दीनची मान खाली जाते. "अल्लाह मगफिरत करो," तो तिच्यासाठी दुवा पुटपुटतो, आणि पुढे काही विचारत नाही. माणसं बांबू घालून देग उचलतात, हळू चालतात, मयतीला चालावं तशी.

ती वळणाआड गेल्यावर बदरुद्दीन बी तळहातावर काढतात. बी ओली आहे. रोजा सुटायची, मगरिबची अजान व्हायला अजून अवकाश आहे.