बुजगावण्याला आलेल्या कांजिण्या

मी कमी बोलतो. घरात तर अशी थट्टा आहे की भाजीत मीठ कमी पडलं तरी मी ते खुणेनं सांगतो. हा स्वभाव नाही. विशीत माझं तोंड एकसारखं चालू असायचं. एकदा जेवताना जरा जास्त चाललं, तेव्हापासून मी ते आवरतं घेतलं. आता पन्नाशी उलटली, वडीलही गेले. आता सांगायला हरकत नाही.

आमचा ऊस प्रवरेच्या काठी, कोल्हारपासून सायकलच्या टप्प्यात. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या हिवाळ्यातली गोष्ट. मी नगरला कॉलेजात होतो, सुट्टीला घरी आलेलो. सुट्टी संपली की वक्तृत्व स्पर्धा होती आणि विषय मी मोठा तोलामोलाचा घेतला होता : अमेरिकेतले गुलाम. घरात वडिलांसमोर हातवारे करायची सोय नव्हती, म्हणून मी उसाच्या बांधावर उभा राहून भाषण घोकायचो. समोर पाथर्डीकडून आलेली ऊसतोडीची टोळी कोयते चालवत असायची. श्रोते आयते मिळाले.

टोळीत माणसं मोजत नसत, कोयते मोजत. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. तो तोडणार, ती मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेणार. दोघांतलं एक कमी झालं की दुसरं अर्धा कोयता, म्हणजे कुणाच्याच कामाचं नाही. मुकादमानं त्यांना दसऱ्याआधीच उचल दिलेली असायची, आणि ती फिटेस्तोवर कुठलाही अख्खा कोयता टोळीबाहेर जाऊ द्यायचा नाही असा त्याचा नेम होता. कोल्हारच्या बाजारालासुद्धा नवरा गेला तर बायको पाचटाच्या कोपीत, बायको गेली तर नवरा कोपीत. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मी आपला साखळदंडांवर बोलत होतो.

"दादा," मोळ्या बांधणारी एकजण मान वर न करता म्हणाली, "त्या गुलामास्नी जेवाय कोन घालायचं?"

"त्यांचे मालक."

"फुकाट?"

"फुकट म्हणजे... हो."

"आगं बया! आन् आमी पीठ इकत घेतो!"

सगळी टोळी खिदळली. मी भाषणातला तो परिच्छेद गाळून टाकला.

ही बाई माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. नवरा अबोल, दोघांच्या वाटचं तीच बोलायची. तिच्या एकुलत्या एका भावाचं लग्न ठरलं होतं आणि करवली म्हणून तिच्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं. तिनं मुकादमाकडं चार दिवसांची रजा मागितली. मुकादम गळ्यात माळ घालणारा, ढेरपोट्या, देवभोळा माणूस. तो म्हणाला, "तुजा भाऊ लगीन करतुया, माजा कोयता कशापायी मोडतीस?" आणि विषय संपला.

त्याचा संपला, तिचा नाही. दोन दिवसांनी तिच्या कोपीच्या तोंडाला कडुनिंबाचे डहाळे लागले. टोळीतल्या बायका दबक्या आवाजात सांगू लागल्या की तिच्या अंगावर आई उठलीय, कांजिण्या. मग काय! आई अंगावर असली की त्या दारात मोठ्यानं बोलायचं नाही, आसपास फोडणी द्यायची नाही, आत डोकवायचं तर नाहीच. रोज पहाटे शिव्या देत टोळी उठवणारा मुकादम तिच्या कोपीपाशी आला की चपला काढायचा, हात जोडायचा आणि कुजबुजायचा, "आई, सुकानं आलीस, सुकानं जा." आणि चार पावलं पुढं जाऊन शेजारच्या कोपीला पुन्हा पूर्ववत शिव्या.

आई कुठून आली होती ते मला ठाऊक होतं, कारण तिच्या अंगावरचे ठिपके आमच्या देवघरातल्या पिंजरीचे होते आणि ती पुडी मीच नेऊन दिली होती. पुढचा बेतही तिनं माझ्यावर सोपवला. ज्वारीतलं आमचं बुजगावणं संध्याकाळी कोपीत आणायचं आणि तिचं जुनं लुगडं गुंडाळून वाकळेखाली निजवायचं. पहाटे मी तिला सायकलवर कोल्हारला नेऊन पहिल्या एस.टी.त बसवायचं. लग्न त्याच दिवशी, गोरज मुहूर्तावर. दोन दिवसांनी ती परत येणार, बुजगावणं उठून ज्वारीत जाणार, आई सुखानं गेली म्हणून मुकादम नारळ फोडणार.

बुजगावण्यानं वडिलांचा जुना कोट घातलेला होता. लुगड्याखाली ते चांगलं भरदार दिसू लागलं. तिचा नवरा त्याच्याकडं बघून म्हणाला, "हिच्यापरीस ही बरी. बोलत तरी न्हाई." त्याच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. तिनं त्याच्या पाठीत रट्टा घातला.

इथपर्यंत सगळं झकास होतं.

रात्री जेवताना वडील म्हणाले, "ज्वारीतलं बुजगावणं कुठं गेलं रे? पाखरं तुटून पडलीत."

'माहीत नाही' एवढे दोन शब्द पुरे होते. पण माझे वडील हसत नसत. माझ्या कुठल्याही विनोदावर, कधीच. आणि माझ्या पोटात त्या क्षणी आख्ख्या तालुक्यातला सगळ्यात मोठा विनोद होता. मी तो सांगितला. पिंजर, कडुनिंब, चपला काढणारा मुकादम त्याच्या आवाजासकट, कोटावरचं लुगडं, पहाटेची सायकल, सगळं. हातवारे करून, स्पर्धेला शोभेल असं. वडील हसले. ठसका लागेपर्यंत हसले. माझ्या आईनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मला इतका आनंद त्याआधी झालेला आठवत नाही.

मग त्यांनी हात धुतले, टोपी घातली आणि "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून कोप्यांच्या दिशेनं गेले. आमचा अर्धा ऊस अजून उभा होता. एक कोयता सुटला की चार सुटतात, हे त्यांनी मला अनेकदा सांगितलं होतं. मी अंथरुणावर पडून स्वतःला समजावलं की ते खरंच पाय मोकळे करायला गेले असतील. माझा त्यावर विश्वास बसला नाही, पण उठून तिला सांगायलाही गेलो नाही. पहाटे मात्र ठरल्याप्रमाणं सायकल घेऊन गेलो. ती कॅरिअरवर बसली, मांडीवर बोचकं, त्यात करवलीचं लुगडं. मी पायडल मारत राहिलो. पुढं काय आहे ते मला साधारण कळत होतं, तिला नव्हतं.

पाटाच्या पुलावर मुकादम उभा होता. मागं वडील.

"या, या करवलीबाई!" मुकादम कमरेवर हात ठेवून म्हणाला. "आई उठलीया म्हनं. कुटं उठलीया? दाव की. का सायकलवर बसून निगाली तुजी आई?"

ती उतरली. एकदा मुकादमाकडं बघितलं, एकदा कोल्हारच्या रस्त्याकडं. मग अंबाडा सोडला, केस तोंडावर घेतले आणि अशी काही घुमायला लागली की माझ्या हातून सायकल पडली.

"कोन हाय रं माज्या वाटंत? माजी टवाळी करतूस? दारात हात जोडतूस आन् हितं दात काडतूस?"

मुकादमाच्या पायातल्या चपला कधी निघाल्या ते त्यालाही कळलं नसेल. "आई, चुकलो! लेकरू हाय तुजं!"

"म्हायेरात माजी वटी भरायची हाय. सोड वाट!"

"सोडली, आई, सोडली." तो जमिनीला टेकला. आणि मग टेकल्या टेकल्याच, हात जोडलेले ठेवून, अगदी मऊ आवाजात म्हणाला, "पन आई, कोयता मोडतो, तेवडं तू बग. हिला ने. नवरा हितंच ऱ्हाऊ दे."

घुमणं क्षणभर थांबलं. केसांच्या आडून ती विचार करत होती, हे मला तरी दिसलं.

"ऱ्हाऊ दे," देवी म्हणाली.

वडिलांनी माझ्याकडं बघितलं. खरं का हे, असं डोळ्यांनी विचारलं. त्या पुलावर मी पहिल्यांदा गप्प बसलो. वडिलांनी थोडा वेळ वाट बघितली आणि त्यांनीही हळूच पायताण काढलं. मुकादमानं स्वतःच्या पदरचा नारळ देऊन तिला एस.टी.त बसवून दिलं.

पुढचे दिवस मुकादम कोपीच्या दारात रोज दहीभात ठेवायचा. आई गेली तरी तिची जागा उपाशी राहू नये, अशी त्याची समजूत. आत बुजगावणं निजलेलं. दहीभात नवरा खायचा आणि दिवसभर दोघांचं काम एकटा ओढायचा, तोडायचाही, वाहायचाही. मी बांधावर गेलो नाही. भाषण पाठ झालंय असं सांगितलं.

बोलल्या दिवशी ती परत आली. हाताला हळद, बोचक्यात बुंदीचे लाडू. मी कडेकडेनं निघालो होतो, तिनंच हाक मारली.

"दादा, ते गुलाम पळालं की त्यांच्या मागं काय लावायचं म्हनाला हुता?"

"कुत्री."

"बगा बाई, केवडा खर्च!" ती हसली. "मला कुत्रं लागलं न्हाई. नवरा ठिवून घेतला, मी आपली तिकीट काडून आले."

नवरा शेजारी मोळी आवळत होता. खांद्याला कातडी सोललेली. तो हसला नाही.

"पन कळलं कसं वो तुमच्या वडलांना?" तिनं विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत उत्तरही तिनंच देऊन टाकलं. "त्या मेल्या बुजगावन्यानं घात केला. ज्वारीत दिसलं न्हाई, आला आसंल त्यास्नी वहीम. तुमी तर बिचारं भल्या पहाटं सायकल घिऊन आलात."

मी मान हलवली.

बोचक्यात हात घालून तिनं लाडू चाचपले, त्यातला सगळ्यात मोठा निवडला आणि माझ्या हातावर ठेवला. "करवलीचा हाय. समद्यात आदी तुमाला."

स्पर्धेत माझा पहिला नंबर आला. त्या लाडवाची चव मात्र अजून सांगता येते. वेलदोडा जरा जास्त झाला होता. तिच्या समोर उभं राहून, ती बघत असताना, मी तो सगळा खाल्ला.